ढगांच्या ओळी

कॅनडात सस्काटूनला मास्टर्स करताना मला युनिव्हर्सिटीतच पार्ट-टाइम काम मिळालं. बॅबिलोनच्या लोकांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाट्यांवर चंद्रग्रहणं नोंदवून ठेवली आहेत. त्यांची छापील भाषांतरं एक्सेलमध्ये भरायची. ग्रहण कुठल्या बाजूने लागलं, किती वेळ टिकलं, वारा कुठला होता.

काही ओळींत एवढंच असायचं: ढग होते, पाहता आलं नाही. त्या मला फार आवडायच्या. ग्रहण म्हणजे राजाच्या जिवाला धोका, असं मानायचे तेव्हा. तरी लिहिणाऱ्याने मनचं काही ठोकून दिलं नव्हतं.

एका सोमवारी फाइल उघडली, तर त्या सगळ्या ओळी गायब. आमचं काम बघणारा सीनियर पुण्याचा, पीएचडी करत होता.

"दादा, ढगांच्या नोंदी कुठे गेल्या?"

"डिलीट केल्या. ग्रहण दिसलंच नाही, तर डेटा कसला?"

"पण तो माणूस पाहायला उभा होता ना. आता वाटेल, त्या दिवशी कुणी पाहिलंच नाही."

"तू टाइप कर गं. इमोशनल होऊ नकोस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लायब्ररीत बसून दोन दिवसांत मी सगळ्या ओळी पुन्हा भरल्या आणि फाइल थेट या प्रोजेक्टच्या प्रोफेसर बाईंना पाठवली. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि त्याला एकच प्रश्न विचारला. पाटी फुटली म्हणून नोंद नाही आणि ढग होते म्हणून ग्रहण दिसलं नाही, यातला फरक तुझ्या फाइलमध्ये कुठे कळतो? ओळी परत आल्या.

पुढे विभागाच्या सेमिनारमध्ये त्याने स्लाइड दाखवली: 'ढगांच्या नोंदी आम्ही मुद्दाम जपल्या.' टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते. प्रश्नांची वेळ आली तशी उभी राहिले आणि इंग्रजीत, आवाज न चढवता विचारलं, "त्या आधी कुणी काढल्या होत्या आणि परत कुणी भरल्या, तेही सांगशील का?"

"टीम एफर्ट होता," तो म्हणाला आणि पुढच्या स्लाइडवर गेला.

या कामावरचा रिसर्च पेपर छापून आला तेव्हा तळाशी, बारीक अक्षरांत माझे आभार होते, 'टायपिंगसाठी'. आईला फोटो पाठवला, तिला कौतुक वाटलं. मला मात्र त्या एका शब्दाचा अजून संताप येतो.