तासाभराचे फाटक

अण्णांना जाऊन वर्ष होण्याच्या आत वसाहतीच्या समितीने त्यांच्या नावाने दौड जाहीर केली, तेव्हा त्यांच्या मुलीला आधी भरूनच आले. वडिलांमागे वेल्डिंगचे वर्कशॉप तीच चालवत होती. आसपासचे सगळे तिला वेल्डरताई म्हणत. दौडीची वर्गणी दवाखान्यातल्या गरजूंच्या औषधांसाठी जाणार होती. झेंडा तुम्हीच दाखवायचा, असे सचिव घरी येऊन सांगून गेले. जाताना अण्णांच्या समाजसेवेबद्दलही भरभरून बोलले.

ती समाजसेवा म्हणजे मुख्यतः एक फाटक होते. दवाखाना वसाहतीच्या पुढच्या रस्त्यावर, वस्ती मागच्या भिंतीपलीकडे. भिंतीला वळसा घालताना आजारी माणूस अर्ध्या वाटेत बसकण मारी. अण्णांनी त्या वेळच्या समितीचा पिच्छा पुरवून, पदरचे लोखंड घालून भिंतीत फाटक बसवले आणि त्याला मुद्दाम कडी केली नाही. कोणी विचारलेच तर म्हणत, "कडी दिसली की माणसाला कुलूप सुचतं."

ते गेले आणि समितीला कुलूप सुचले. सुरक्षेचे कारण पुढे करून परक्या कारागिराकडून कडी जोडून घेतली गेली. वेल्डरताईला सांगण्याची कोणाची छाती झाली नाही. वस्तीतल्या शिलाईवाल्या मावशी तेव्हापासून आजारी नवऱ्याला धरून धरून वळशाने नेत होत्या. वेल्डरताई दोनदा सचिवांशी भांडून आली. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, की पुढच्या बैठकीत बघू.

दौडीच्या सकाळी ती पोचली, तर रस्त्यावरचे पांढरे बाण थेट त्या फाटकातून गेलेले. आखणाऱ्यांनी जुन्या सवयीने मार्ग आखला होता. कुलूप आपणच लावले आहे, याचा लावणाऱ्यांनाही विसर पडला होता, कारण त्यांचे त्या फाटकावाचून कधी अडलेच नव्हते. चूक ध्यानात आल्यावर सचिवांनी फाटक उघडवले होते.

"शेवटचा धावपटू आत आला की लगेच बंद. तासाभराचा तर प्रश्न आहे, ताई."

"आणि मावशींनी काय करायचं? नवऱ्याला घेऊन पळत यायचं?"

सचिव हसले. आजच्या दिवशी हा विषय नको, अण्णांच्या कार्यक्रमाला गालबोट लागेल, असे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या वाटेसाठी बापाने हाडे झिजवली, ती त्याच्याच नावाने तासभर उसनी मिळणार होती आणि वर तिने हारतुरे स्वीकारायचे होते. तरी तिने झेंडा दाखवला. औषधे ज्यांना मिळायची होती, त्यांचा यात काही दोष नव्हता. मग ती तडक वर्कशॉपमध्ये गेली आणि वेल्डिंगचे यंत्र खांद्याला लटकवून परतली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ते पाहिले, आपल्या खोलीतला प्लग बोटाने दाखवला आणि चहा प्यायला निघून गेला.

शेवटचा धावपटू आत आला. तिने फाटक पुरते मागे लोटून भिंतीतल्या लोखंडी खांबाला टेकवले आणि चेहऱ्यावर मुखवटा ओढला. पहिला टाका पडतो तोच सचिव बक्षीस समारंभ सोडून धावत आले. हे काय चाललेय, असे त्यांनी चढ्या आवाजात विचारले.

"तिकडं तोंड करा," ती हात न थांबवता म्हणाली. "डोळे जातील."

सचिवांनी तोंड फिरवले. तिने वरचा टाका पुरा केला आणि खालच्यासाठी गुडघे टेकले.