सागवानाच्या रेघा आणि न संपणारं मिनिट

हैदराबादेत नारायणगुड्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी मला फसवलं. दोन वर्षं ते एमआरआय पाहून म्हणत राहिले, "सगळं नॉर्मल आहे. वयाचं आहे, मन रमवा." कमरेपासून पायापर्यंतची आग रिपोर्टात नव्हती, म्हणून त्यांच्या लेखी ती नव्हतीच.

सिकंदराबादच्या पेन क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी त्या आगीला नाव दिलं: सेंट्रल सेन्सिटायझेशन. म्हणजे मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था धोक्याचा इशारा देतच राहते. ऐकून आधी रडले. मग घरी पोचेपर्यंत रिक्षात त्या हाडांच्या डॉक्टरांना शिव्या दिल्या.

माझी जुन्या सागवानी दारांची वखार आहे, एकटीनं उभी केलेली. सौद्यात जो जास्त वेळ गप्प बसतो तो जिंकतो, आणि त्यात मला कुणी हरवलं नव्हतं. दुखण्यानं बसणंच गेलं. बंगले पाडून दारं विकणाऱ्या यादगिरीनं हे बरोबर ओळखलं. मुद्दाम दुसरा चहा मागवायचा. "अक्का, जल्दी क्या है? बैठो ना." मी कळ सोसत त्याच्या भावाला हो म्हणायचे. असंच चाललं असतं तर वखारीला कुलूप लागलं असतं.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुखणाऱ्याचं मिनिट खरंच लांब असतं. त्याला ढकलू नका. उभ्या राहा आणि त्यात काय दिसतं ते बघा."

पुढच्या सौद्याला उभी राहिले. कळ आली, मिनिट पसरलं. हात समोरच्या दारावर होता. सागवानात वर्षाला एक रेघ वाढते, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. नीट पाहिलं त्या दिवशी. पावसाच्या वर्षांच्या रेघा रुंद, दुष्काळातल्या एकमेकींना चिकटलेल्या. माझं बोट कितीतरी पावसाळे ओलांडून गेलं आणि यादगिरीचा चहा अजून वाफाळतच होता. अंगावर काटा आला. एवढं सगळं एका मिनिटात मावतं?

मग यादगिरीकडे पाहिलं. तो चोरून बाहेर भाड्यानं थांबवलेल्या ट्रककडे बघत होता. घाई त्यालाच होती.

"कुछ तो बोलो, अक्का," शेवटी तोच म्हणाला. दारं माझ्या भावात आली.

दुखणं आहेच. मिनिटं अजून लांब आहेत, आता त्यांची भीती वाटत नाही. पण ती दोन वर्षं कुठे गेली कळत नाही. त्याच काळात माझ्या घरात माझा नातू रांगला म्हणे. मला आठवत नाही.

तुम्हालाही असं दुखत असेल तर "नॉर्मल" ऐकून गप्प घरी जाऊ नका. आणि नारायणगुड्याचे डॉक्टरसाहेब, त्या पोराचं रांगणं मला आता कोण दाखवणार? माझ्यासमोर बसून उत्तर द्या.