गळ्यातली शिट्टी

आवारात मुलं खेळायला लागली, की गाड्यांना ओरखडे पडतात म्हणून शिट्टी वाजवून त्यांना पिटाळायचं, हे माझं वॉचमनचं काम. सातवीत शाळा सोडलेल्या मला परमुलखात या शिट्टीनेच पोसलं. उपकारच आहेत तिचे.

आज लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची सई पहिल्याच जिन्यात धापा टाकत बसली. हातात वेफर्सचा पुडा.

"जरा खेळत जा की गं."

"काका, तुम्हीच तर हाकलता!"

हिच्या किती संध्याकाळी माझ्या शिट्टीने टीव्हीपुढे नेऊन बसवल्या असतील! गावी माझी लेकही एवढीच आहे.

"इमारतीभोवती फेरी मारायचीय मला. येतेस?" म्हणालो खरा, पण सोसायटीची कमिटी काय म्हणेल, ही धाकधूक होतीच.

सई उठली. "येते. पण शिट्टी माझ्याकडे."

मी ती गळ्यातून काढून दिली.