हळदीचं बोट आणि प्रियदर्शनीचं विमान

प्रियदर्शनी एरोस्पेस इंजिनीअरिंगला लागली तेव्हा पिंपळगाव रेणुकाईतल्या निम्म्या लोकांची समजूत झाली, की पोरगी विमानात चहा वाटणार. उरलेल्या निम्म्यांनी ती विमान चालवणार असं परस्पर ठरवून टाकलं. विमान बनवायचंही शिक्षण असतं, हे तिचे वडील रामप्रसाद चार वर्षं सांगत राहिले आणि लोक चार वर्षं माना डोलवत राहिले. मराठी शाळेतून गेलेली ही पोरगी पहिल्या सहामाहीत गणितात आपटली होती. हट्टी तर अशी, की पंखावरून हवा कशी वाहते हे डोक्यात शिरेना, तेव्हा सुट्टीभर पाटाच्या पाण्यात फळी तिरकी धरून बसली. शिरेपर्यंत उठली नाही.

शेवटच्या वर्षी तिनं आणि सुमेधा नावाच्या मैत्रिणीनं मिळून आपलं आपण उडणारं एक विमान बनवलं, दोन मीटर पंखांचं. शहरात मोकळी जागा मिळेना, म्हणून रामप्रसादांचं तूर काढलेलं रान ठरलं. मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडमही मुक्कामाला आल्या. आठवड्यानं अहवाल द्यायचा होता. विमान उडून नोंदी मिळाल्या तर पदवी, नाहीतर आणखी सहा महिने.

आता उषाबाईंच्या, म्हणजे प्रियदर्शनीच्या आईच्या घरात नवी मोटार येवो की पेरणीयंत्र, हळदकुंकू लागल्याशिवाय ते कामाला लागत नाही. पोरी अंघोळीला गेल्या तेवढ्यात त्यांनी ओल्या हळदीचं बोट विमानाच्या नाकाला लावलं, दोन्ही पंखांना लावलं, आणि पंखातून पुढं आलेल्या बारीक नळीच्या टोकालाही लावलं. नळी तरी का सोडायची?

त्या नळीत शिरणाऱ्या हवेवरूनच विमानाला आपला वेग कळतो. उडवण्याआधी नळीवर फुंकर मारायची आणि लॅपटॉपवरचा आकडा वाढतो का बघायचं, हा नियम. पण बांधावर सगळं गाव जमलेलं, जो तो काहीतरी विचारतोय, आणि प्रियदर्शनी फुंकर विसरली.

विमान झकास वर गेलं. पण नळी हळदीनं बुजलेली, त्यामुळं आतल्या यंत्रणेला वाटलं वेगच नाही. वेग घ्यायला तिनं नाक खाली केलं, आणखी खाली केलं, आणि विमान शेजारच्या ज्वारीत घुसलं. सगळं गाव तिकडं धावलं. डावा पंख मोडला होता.

नळीतली पिवळी गोळी सुमेधानं टाचणीनं काढली आणि हळूच म्हणाली, "अहवालात वाऱ्याचा झोत आला असं लिहू. कोणाला कळतंय?"

उषाबाई मागंच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला. "माझ्यामुळं पडलं, न्हाई का ग?"

प्रियदर्शनीला रडू फुटत होतं, पण ती मॅडमकडं वळली. "वारा नव्हता मॅडम. फुंकून बघायचं काम माझं होतं, मी बघितलं नाही. तसंच लिहीन." मग आईला म्हणाली, "हळद तू लावलीस माय, बराबर. पण बघायचं माझ्याकडं व्हतं."

कौतुक करावं ते इथं. विमानं काय, पडतातच. पण सगळ्या गावासमोर, पदवी टांगणीला लागलेली असताना 'माझं चुकलं' म्हणायला छाती लागते.

दिवसभरात रामप्रसादांनी बांबूच्या कामट्या तासून दिल्या, पोरींनी पंख जोडून उन्हात वाळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उषाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन दूर बाभळीखालीच उभ्या राहिल्या. प्रियदर्शनीनं त्यांना हाताला धरून आणलं.

"शेपटीला लाव. आन् मंग या नळीवर फुंकर मार."

"मी?"

"तूच. चुलीवर मारतीस तशी."

उषाबाईंनी पदर सावरला आणि फुंकर मारली. आकडा शून्यावरून नऊवर गेला. मॅडमनी उड्डाणाचा कागद पुढं केला. 'नळी तपासणारी व्यक्ती' या ओळीपुढं प्रियदर्शनीनं आईचं पूर्ण नाव लिहिलं आणि पेन आईच्या हातात दिलं. उषाबाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली.

विमान अकरा मिनिटं उडालं आणि बांधाच्या अलीकडं, उतरायचं तिथंच उतरलं. तोवर उषाबाई बसल्या नव्हत्या. "आता बसते," म्हणाल्या, आणि ढेकळातच बसल्या.