साहेबांच्या भिंतीवरची मेंढरं

गेल्या वर्षभरात मी जेवढे सिनेमे बघितले, त्यातला एकही मला आवडला नाही. बायको म्हणते, तुम्ही तिकीट काढतानाच आठ्या घालून काढता. असेल तसं. पण नवीन जालन्यात थिएटरला जाऊन आम्ही जो मारधाडीचा सिनेमा बघितला, त्यात नायक उघड्या अंगाने सळयांच्या कारखान्यात तीस माणसं लोळवतो. लालभडक सळई त्याच्या कानाजवळून जाते आणि गडी हसतो. आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू एमआयडीसीत अशाच मिलमध्ये कामाला आहे. अंगभर जाड कपडे घालूनही त्याच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत. मी मध्यंतरातच उठलो. बायकोला शेवट बघायचा होता, म्हणून ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

जुन्या सिनेमांची तऱ्हा वेगळी. ते मी साहेबांच्या घरी बघितले. मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासतो. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, ठरलेल्या दिवशी उघडून कोणत्या दाण्याला नीट मोड आला आणि कोणत्याला नाही ते लिहायचं. आमच्या लॅबचे साहेब बाहेरगावचे, वाचणारे, बोलायला मऊ. त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमधली एक भिंत त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती. रविवारी दुपारी पडदे ओढायचे, भिंतीवर सिनेमा लावायचा आणि नंतर पोहे खात प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे. सात-आठ जण यायचे, त्यात खेड्यातून आलेला मी एकटाच.

पहिल्याच रविवारी काळापांढरा, फार नावाजलेला सिनेमा होता. नायक पाऊण तास नांगर धरून उन्हात चालतो आणि मागे गाणं वाजतं. सिनेमा संपल्यावर सगळे गप्प बसले, देवळात बसल्यासारखे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, फाळ जमिनीला लागलेलाच नाही, बैल रिकामे चालले आहेत. साहेब हसले. म्हणाले, "तू सिनेमा बघत नाहीस रे, तपासतोस." सगळे हसले. तेव्हापासून मी काही बोललो की ते एकमेकांकडे बघायचे. मी तरी जात राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बोलावणं साहेबांचं होतं आणि बोलावल्याचं बरंही वाटायचं, एवढं खरं.

मग एका शनिवारी साहेब लॅबमध्ये माझ्या टेबलाशी आले. उद्या मेंढपाळांवरचा सिनेमा आहे, नवा, बाहेरच्या देशात बक्षीस मिळालेला, तर वडिलांना घेऊन ये, असं म्हणाले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जन्मभर मेंढरामागे फिरले. हसनाबादच्या आसपासचा एक माळ असा नसेल जिथे त्यांनी वाघर लावली नाही. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. चार वर्षांपूर्वी मेंढरं विकली आणि तेव्हापासून ते जालन्यात माझ्याकडे असतात. मी साहेबांना म्हणालो, त्यांना तीन तास बसवत नाही, गुडघे दुखतात. घरी येऊन बायकोजवळ हे बोललो, ते अण्णांनी ऐकलं आणि सकाळी धुतलेलं धोतर नेसून तयार बसले.

साहेबांनी त्यांना सोफ्यावर बसवलं. पाच मिनिटांत ते खाली, भिंतीपासून हातभर अंतरावर जाऊन बसले. कोणी तरी म्हणालं, काका, तिथून नीट दिसणार नाही. अण्णा म्हणाले, बराबर दिसतंय.

सिनेमा मला पहिल्या दृश्यापासून डोक्यात गेला. म्हाताऱ्या मेंढपाळाच्या पटक्याला इस्त्रीची घडी होती. भर दुपारी मेंढरं आरामात चरत होती आणि तो झाडाखाली बासरी वाजवत होता. उन्हाळ्याच्या दुपारी मेंढरं चरत नाहीत, एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून गोल करून उभी राहतात. हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. पण खालून अण्णांचा आवाज येत होता. जिभेने टाळू वाजवून ते भिंतीवरच्या कळपाला वळवत होते. एकदा तर हातही पुढे केला. मागची बाई दुसरीला म्हणाली, किती गोड. मला तिथेच उठून जावंसं वाटलं.

गोष्ट अशी होती की म्हातारा आजारी पडतो, दवाखान्यात जातो आणि शहरातला मुलगा मागच्या मागे कळप टेम्पोत भरून विकून टाकतो. म्हातारा परत येतो तर वाघर रिकामी. तो एक शब्द बोलत नाही. त्याच्या डोळ्यातून एक थेंब गालावर उतरतो आणि नावांच्या पाट्या सुरू होतात.

दिवा लागला तेव्हा दोघीतिघी डोळे पुसत होत्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आज तूच सुरुवात कर, हा तुझाच विषय आहे.

मी सुरुवात केली. पटका, बासरी, दुपार, सगळं काढलं. म्हणालो, ज्याने हा सिनेमा काढला त्याने मेंढी फक्त ताटात बघितली असेल. खरा मेंढपाळ असा मुका रडत नाही, तो तीन दिवस शिव्या देतो, भाकरीला हात लावत नाही, सुनेला घालूनपाडून बोलतो. साहेब शांतपणे म्हणाले, "तुला राग सिनेमा खोटा आहे म्हणून आलाय की खरा आहे म्हणून?"

त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी आपलं नेहमीसारखं विचारलं. पण मला वाटलं, यांना कळलंय, म्हणूनच हा सिनेमा लावला, म्हणूनच अण्णांना बोलावलं. मी म्हणालो, "तुम्हाला गरिबाचा बाप रडताना बघायला आवडतो. तो रडला की तुम्हाला पोहे चांगले लागतात."

साहेबांची बायको हातात ताटल्या घेऊन दारात उभी होती. ती तशीच आत गेली. मग साहेब माझ्याकडे न बघता खाली वाकले आणि अण्णांना विचारलं, "काका, तुम्हाला कसा वाटला?"

अण्णांनी भिंतीवरची नजर काढली. म्हणाले, "मेंढरं चांगली व्हती. पोटानं भरलेली व्हती." मग म्हणाले, "पोरानं इकली त्याचं काई न्हाई. पर बापाला इचारून इकायची व्हती."

मी विचारलं नव्हतं. अण्णा गुडघ्याच्या इलाजाला माझ्या बहिणीकडे गेले होते, त्या आठवड्यात मी टेम्पो बोलावून कळप भरून दिला. विचारलं असतं तर त्यांनी कधीच हो म्हटलं नसतं. माळ राहिले नव्हते, जिकडेतिकडे तारा लागल्या होत्या, ते रस्त्याच्या कडेने लंगडत मेंढरं चारत होते. मी जे केलं ते त्यांच्यासाठीच केलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आजही तसंच सांगतो. परत आल्यावर त्यांनी तीन दिवस शिव्या दिल्या, भाकरी खाल्ली नाही आणि माझ्या बायकोला नाही नाही ते बोलले. नंतर मात्र या विषयावर एक अक्षर नाही. मी समजत होतो, विसरले.

परत येताना मोटरसायकलवर मी त्यांना फाडफाड बोललो. साहेबासमोर माझी इज्जत घालवली, घरचं लोकांत काढलं, चार माणसांत बापानं असं बोलावं का. ते मागे बसून ऐकत होते. स्टेशनच्या रस्त्याला गर्दीत गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "मी तुझं नाव घेतलं का? चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मला काई इचारलं, मी सांगितलं. तुला झोंबलं, त्याला मी काय करू?"

घरी आल्यावर मी जेवलो नाही. अण्णा दोन भाकरी खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवसापासून साहेब लॅबमध्ये माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. आधी मला 'तू' म्हणायचे, आता 'तुम्ही' म्हणतात. मी माफी मागितली नाही. पोह्यांचं बोललो ते साहेबांच्या बायकोला लागलं असणार, तिचं काही चुकलं नव्हतं, हे मला कळतं. पण तिची माफी मागायला त्यांच्या घरी जावं लागेल, आणि तिथे ती भिंत आहे.

पुढच्या रविवारी मला बोलावणं आलं नाही. साहेबांचा फोन बायकोच्या मोबाइलवर आला, तोही अण्णांसाठी. अण्णांनी मला काही विचारलं नाही. रिक्षा करून गेले आणि चार तासांनी आले. तेव्हापासून दर रविवारी जातात. रात्री जेवताना सुनेला सिनेमा सांगतात. कोणता तरी परदेशी, बर्फातला, भाषा कळत नाही तरी कुत्र्याचं काम फार चांगलं होतं म्हणे. त्यांना सगळंच आवडतं. साहेबांनी परत लावलेल्या त्या नांगराच्या सिनेमालाही ते रडले. मी म्हणालो, अण्णा, फाळ जमिनीत नव्हता. तर म्हणाले, "मंग? माणूस तर उन्हात व्हता ना." बायको पदराआड हसली. मी ताट सरकवून उठलो.

माझं मत बदललेलं नाही. तो मेंढरांचा सिनेमा वाईट होता आणि नांगराचाही वाईट होता. एकटाच बसून मोबाइलवर मेंढरांचा सिनेमा मी परत बघायला घेतला होता, एका सुट्टीच्या सकाळी, नीट तपासायला. टेम्पो आला तिथे बंद केला.

परवाच्या रविवारी अण्णा चपला घालून दारात थांबले. म्हणाले, आज लवकर जायचंय, उशीर झाला की पुढं जागा राहत न्हाई, गाडीवर सोडतो का. मी पेपर वाचत होतो. म्हणालो, मला काम आहे, रिक्षाने जा.

"बरं," म्हणाले आणि गेले.