गच्चीवरचा पांढरा कागद

चारकोपला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हवेतली धूळ टिपणारं एक मशीन होतं. त्यातला गोल पांढरा कागद बदलायला एक माणूस यायचा. कोऱ्या कागदावर आपला श्वास पडू नये म्हणून तो दम रोखून धरायचा, आणि कागद बसला की तोंड फिरवून कितीतरी वेळ खोकत राहायचा. काळा पडलेला कागद चिमट्याने अलगद डबीत ठेवायचा.

एकदा मी विचारलं, "एवढी धूळ येते तरी कुठून, कळलं का?"

"कधीच कळलंय, काकू. समोरच्या गाळ्यातली भट्टी, टॉवरचं बांधकाम, हा उखडलेला रस्ता. तरी आम्हाला परत शोधायला पाठवतात. बंद करायला कोणालाच पाठवत नाहीत."

परवा मशीनही उचलून नेलं. भट्टी आहे तिथेच आहे मेली. सकाळी ती पेटली की खिडकीशी मीही दम रोखून धरते. मग श्वास घ्यावाच लागतो.