खाऱ्या पाण्याचं दुकान

समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र एसटीत मोडावी लागते, अशा आमच्या हिंगोलीत माझ्या थोरल्या भावाने समुद्राच्या माशांचं दुकान काढलं. खायच्या नव्हे, काचेच्या टाकीत ठेवून बघायच्या माशांचं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. अप्पा, म्हणजे आमचे वडील, कापडाचे व्यापारी. ते म्हणाले, "मासे काय, सिद्धेश्वरच्या धरणावर फुकट दिसतात." दादा ऐकेना, तेव्हा त्यांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत मासे जगले तर त्यांचं काही म्हणणं नाही. मेले, तर दादाने मुकाट्याने त्यांच्या गादीवर येऊन बसायचं. गादीवर बसून दादा वाळून गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी अप्पांशी नीट बोलत नव्हते.

दादा मुंबईला अशाच एका दुकानात राबून शिकून आला होता. आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की त्यात डाळ शिजायची मारामार. ते गाळून गाळून त्याने माशांच्या लायकीचं केलं. मुंबईहून आलेलं खास मीठ ड्रममध्ये घालून दिवसभर ढवळत बसायचा. एक ड्रम कायम तयार ठेवायचा, अडीनडीला म्हणून. जवळा बाजार गावाहून आलेला एखादा शेतकरी टाकीला नाक लावून विचारायचा, "ह्याचं कालवण कसं व्हतं?" मी असते तर त्याला पायरीवरूनच परत पाठवलं असतं. दादा म्हणायचा, "काका, हे डोळ्यांनी खायचं कालवण हाय." माणूस हसायचा आणि पुढच्या खेपेला लेकरू घेऊन यायचा. इतका धीर या माणसाने कुठून आणला होता, देव जाणे. आमच्या घराण्यात तर तो कुणाला नाही.

मोठ्या टाकीत नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती. अप्पांची अट सगळी त्या जोडीवर होती. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, नवरात्रही सरत आलं आणि दोघं मजेत फिरत होते.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी दुकानात गेले, तर टाकीतलं पाणी ताकासारखं झालेलं. जोडी वर येऊन तोंडं उघडझाप करत होती. तळाशी पांढरा लगदा साचला होता. बाजूला स्टुलावर आई डोळ्याला पदर लावून बसली होती.

"मी नवस बोलले व्हते," ती म्हणाली. "दसऱ्यापर्यंत जगू दे, त्यांना पोटभर कणकेच्या गोळ्या घालीन. धरणावर घालतो तशा. उद्या दसऱ्याची गर्दी राहील, म्हणून आजच फेडला."

ज्यांच्या जिवासाठी नवस, त्यांच्याच जिवावर तो उठला होता! मी तोंड उघडणार, तोच दादाने हात वर केला. "माशांसाठी नवस बोलणारी आई कुणाला भेटती गं? ऊठ, तांब्या आण." त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

त्याने नळीने निम्मं पाणी उपसून काढलं, लगदा काढला, तयार ड्रम टाकीत ओतला. पाणी जरा निवळतंय तोवर लाइट गेली. लोडशेडिंग. हवेचा पंप बंद पडला. घाण झालेल्या पाण्यात हवा नाही मिळाली, तर मासे गुदमरून मरतात. मग आम्ही तांब्या टाकीत बुडवून वर न्यायचा आणि वरून धार सोडायची, असं सुरू केलं. धारेबरोबर हवा आत जाते. दादा, आई, मी, आळीपाळीने. हात भरून आले. मला रडू फुटत होतं.

इतक्यात दारात अप्पा. कुणीतरी त्यांना जाऊन सांगितलं असणार. ते नुसते उभे राहिले असते, तरी पैज जिंकले असते.

"झालं तुमच्या मनासारखं," मी फणकारले.

अप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, बाह्या वर केल्या आणि आईच्या हातातला तांब्या घेत तिला म्हणाले, "काहून घाई करून राहिली? धार बारीक धरायची." सणाचं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानात ताटकळत होतं. लाइट येईपर्यंत त्यांनी तांब्या खाली ठेवला नाही.

दोन्ही मासे जगले.

दसऱ्याला धाकट्याने थोरल्याकडे जाऊन सोनं द्यायचं असतं. दादा आपट्याची पानं घेऊन निघणार, तोच अप्पाच दुकानात आले आणि त्यांनी दादाच्या हातावर पान ठेवलं. त्यांच्या बोटांच्या भेगा मिठाने लाल झालेल्या मी पाहिल्या. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

दादा पाया पडला. अप्पा टाकीकडे बघत हळूच म्हणाले, "काल तांब्या हातात असताना मी बी नवस बोललो. भिऊ नको, पाण्यात काही टाकायचं न्हाई."